न पाहिलेला उतारा

"मॅडम, हे जपानी मराठीत मिळेल का?"

मनोज म्हात्रे सरांनी कागद आधी उभा धरला, मग आडवा धरला, मग पुन्हा उभा धरून अगदी निर्मळ चेहऱ्याने हा प्रश्न विचारला. स्टाफरूममध्ये चहा चालू होता. विद्युल्लता चौबळ यांनी आपला कप खाली ठेवला. या कॉलेजात अकरा वर्षं जपानी शिकवताना त्यांना पुष्कळ प्रश्न विचारले गेले होते. जपानला कधी गेलात? एकदाही नाही. मग जपानी कसं येतं? शिकले म्हणून. रघू शिपायाचा मेहुणा सहा दिवसांच्या सहलीला तिकडे जाऊन आला होता आणि जपानच्या बाबतीत त्याचाच शब्द जास्त चालायचा. पण आजचा प्रश्न नवीन होता.

"मराठीत मिळालं तर ते जपानी कसं राहील, सर?"

"ते बरोबर हो. पण पोरांची सोय बघायला लागेल ना."

कॉलेजचं ब्रीदवाक्य संस्कृतात होतं आणि ते कोणाला नीटसं कळत नसे. खरं ब्रीद 'सोय' हे होतं. अंजूरफाट्याकडे ट्रेलर आडवा झाला की मुलांच्या सोयीसाठी पहिला तास रद्द होई. ट्रेलर रोजच आडवा होतो, त्यामुळे पहिला तास वेळापत्रकात असे, कॉलेजात नसे.

मनोज सर 'गोदाम व्यवस्थापन' शिकवायचे. विषय घरचाच होता. दापोड्याला त्यांच्या जमिनीवर गोदामं उभी होती, संस्थेचे अध्यक्ष तुळशीराम तात्या हे त्यांचे सख्खे काका होते, आणि कॉलेज जिथे उभं होतं तिथेही एके काळी तात्यांचं भाताचं शेत होतं. सर पांढऱ्या उंच गाडीतून येत, मन लावून शिकवत आणि कोणाला दुखवत नसत. माणूस वाईट नव्हता. विद्युल्लताबाईंच्या आयुष्यात वाईट माणसं फारशी आलीच नाहीत आणि तीच त्यांची अडचण होती. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

आता भिवंडीच्या कॉमर्स कॉलेजात जपानी आलं कसं, ते सांगितलं पाहिजे. अकरा वर्षांपूर्वी जवळच्या वळ गावातल्या एका गोदामात जपानी कंपनीचा माल यायला लागला. त्या कंपनीचे एक साहेब उपचार म्हणून कॉलेज पाहायला आले आणि त्यांनी दारातच रघूला कमरेत वाकून नमस्कार केला. रघूने त्याहून खाली वाकून परतफेड केली. साहेब पुन्हा वाकले. हे किती वेळ चाललं असतं सांगता येत नाही, पण तात्या मध्ये पडले आणि तिथल्या तिथे बोलले, "आपले पोरांना ही भाषा आली पायजे." महिन्याभरात चौबळ मॅडम तासिका तत्त्वावर रुजू झाल्या. तासिका तत्त्व म्हणजे तास झाला तर तुम्ही शिक्षक, नाही झाला तर पाहुणे.

त्यांना जागा मिळाली ती जिन्याखालच्या खोलीत. तिथे जुन्या उत्तरपत्रिकांची खोकी होती, दोन खराटे होते, आणि वरच्या टाकीचा पाइप एका कोपऱ्यात बारा महिने ठिबकत असे. वर्गाला दरवर्षी चाळीस मुलं नाव घालत. 'नमस्कार', 'आभारी आहे' आणि स्वतःचं नाव लिहिता आलं की तीस जात. उरलेली दहा दिवाळीचा फराळ करून जात. का जातात, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. ज्या भाषेत आपल्याला वाचावंच लागेल असं काही नाही, ती भाषा माणूस कशासाठी शिकेल? पोहणं फळ्यावर शिकवावं तसं ते चाललं होतं. हे त्या स्टाफरूममध्ये अनेकदा बोलल्या होत्या आणि लोकांनी 'हो ना' म्हणत बिस्किटं संपवली होती.

आणि यंदा मे महिन्यात, सुट्टी लागता लागता, विद्यापीठाचं परिपत्रक आलं. परकी भाषा बाजूला काढून शिकवू नये; मुलं जो विषय शिकतात त्या विषयातच त्या भाषेतलं वाचन घालावं आणि त्याला गुण द्यावेत. प्राचार्य वरद टिपणीसांनी परिपत्रकाच्या बावीस प्रती काढून बावीस सह्या घेतल्या. वाचलं एकट्या विद्युल्लताबाईंनी. चार वेळा. त्यांना वाटलं, कोणीतरी चोरून आपलंच बोलणं ऐकलं आहे.

त्या तडक प्राचार्यांकडे गेल्या. गोदाम व्यवस्थापनाच्या तासात रोज पंधरा मिनिटं जपानी वाचन, आणि वर्षाच्या शेवटी दहा गुणांचा एक न पाहिलेला उतारा. तो मुलांनी आपापल्या डोळ्यांनी वाचायचा, कोणाच्या मदतीशिवाय. टिपणीस सरांना परिपत्रकाचं काहीतरी करून दाखवायचंच होतं, ते लगेच हो म्हणाले. जमलं तर तुमचा तास कायमचा वेळापत्रकात येईल, म्हणाले. नाही जमलं तर जिन्याखालची खोली मोकळी करावी लागेल, संस्थेला जागा कमी पडते.

बाईंनी सुट्टीचे तीन आठवडे खर्चून पानं तयार केली. त्यांचा जुना विद्यार्थी सार्थक वळच्या गोदामात कचेरीत होता. खोकी किती उंच रचावीत, कोणती बाजू वर ठेवावी, अशा सूचनांचे जपानी कागद त्याने गोळा करून दिले. बाईंनी ते सोपे करून लिहिले, अवघड चित्राक्षरांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत उच्चार दिले, पाना-पानाला ती मदत कमी करत नेली. पहिल्या पानावर नऊ ओळी होत्या. वय सत्तावन्न होतं. एखादं तरी पोर शेवटचा उतारा स्वतः वाचील तर अकरा वर्षं फुकट गेली नाहीत, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. तेच पहिलं पान आता मनोज सरांना मराठीत हवं होतं.

पानं मराठीत मिळाली नाहीत. वाचन सुरू झालं. पंधरा मिनिटं म्हणजे हजेरीनंतरची, शिष्यवृत्तीच्या सूचनेनंतरची आणि मनोज सरांच्या फोननंतरची पंधरा मिनिटं. ती साधारण चार भरत. बाई दाराबाहेर पानांचा गठ्ठा घेऊन उभ्या राहत. सर आत एका हाताने फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने 'झालंच' अशी खूण करत. त्या हाताकडे बघत बाईंनी ऑगस्ट आणि सप्टेंबर काढला.

पुढे प्राचार्यांना फोटो हवा झाला. उपक्रम झाला याला पुरावा फोटोचा, आणि फोटोवर ठिकाण, तारीख, वेळ उमटलेली हवी. हे काम रघूकडे असे. त्याने मुलांना पानं छातीशी धरायला लावली. पानं दिसली, पण वाचताहेत असं दिसेना. मग डोळ्यांसमोर धरायला लावली. तेव्हा तोंडं दिसेनात. शेवटी त्याने पानं गळ्यापाशी धरायला सांगून सगळ्यांना हसायला सांगितलं.

"रघू, वाचताना कोणी असं हसतं का?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, गंभीर फोटो प्राचार्य परत पाठवतात," रघू म्हणाला. तास संपल्याची घंटा त्यालाच द्यायची होती, म्हणून तो घाईने गेला. त्या दिवशी अडतीस मुलं वाचताना हसली आणि एकही ओळ वाचून झाली नाही.

फोटोचं सोसलं असतं. खरा प्रश्न फोनचा निघाला. पान हातात पडलं की मुलं फोन त्याच्यावर धरत आणि क्षणात फोन ते पान मराठीत दाखवी. मुलांचं म्हणणं सरळ होतं. फोन वाचतो, मग आपण कशाला? बाईंनी त्यांना समजावलं, रागावल्या, एकदा तर गप्प बसून पाहिलं. गप्प बसण्याचा फायदा घेऊन मुलांनी आणखी दोन पानं फोनला वाचायला दिली. शेवटी एका सोमवारी त्यांनी बाजारची कापडी पिशवी आणली आणि वर्गात सगळ्यांचे फोन तिच्यात गोळा केले.

वर्गात कुजबुज झाली. कुणाल नावाच्या एका मुलाने, तात्यांच्या ओळखीतल्या, हा अन्याय असल्याचं उभं राहून सांगितलं. तेव्हा तिसऱ्या बाकावरून आवाज आला.

"काय झालं रं? वळला आमचे फोन रोज गेटवर ठेवतात. मेला का कोन?"

ती क्षितिजा भोईर. खारबावची. सकाळी कॉलेज, आणि दुपारी पावणेदोनला कंपनीच्या बसने वळला शिफ्ट. दिवसभर आलेल्या खोक्यांवरचे बारकोडचे पट्टे यंत्राने टिपायचं काम. वर्गात ती सगळ्यांत मंद वाचायची. अक्षराखाली बोट ठेवायची आणि पुढच्या अक्षरावर जायला तिला बराच विचार करावा लागे. पण तिचा एक गुण बाईंनी पहिल्याच महिन्यात हेरला होता. ती अंदाज करत नसे. न येणाऱ्या अक्षरापाशी ती रस्त्यात बसलेल्या म्हशीसारखी थांबायची. मागून कितीही हॉर्न वाजवा.

"मॅडम, ह्ये काय हाय त्ये मना न्हाय येत," असं ती स्वच्छ सांगायची. वर्गातल्या बाकीच्या सदतीस मुलांना सगळं येत होतं.

पिशवीची तक्रार दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांकडे गेली. विद्यार्थ्यांची गैरसोय होते. टिपणीस सरांनी बाईंना बोलावून पाणी दिलं, चहा दिला, आणि पिशवी बंद करा असं न सांगता पिशवीबद्दल विचार करा असं सांगितलं. बाईंनी विचार केला आणि पिशवी चालू ठेवली. इतक्या वर्षांत त्यांनी केलेलं हे पहिलं बंड. त्याचा परिणाम असा झाला की नाताळच्या सुट्टीपर्यंत सहा मुलं ओळ ओळ वाचू लागली, आणि क्षितिजा, सगळ्यांच्या मागून, पान संपवू लागली. जानेवारीत एकदा तिने सहा ओळी थांबत-थांबत संपवल्या आणि मान वर केली. बाजूच्या गाळ्यातले एरवी दिवसभर खडखडणारे लूम त्या वेळी बंद होते. दिवे गेले असावेत. विद्युल्लताबाईंना ती शांतता पुढे कितीतरी दिवस आठवत राहिली.

परीक्षेचा उतारा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला आणि बंद पाकिटात परीक्षा विभागातल्या वैशालीकडे दिला. विषय ठेवला होता, भिजलेल्या मालाचं काय करावं. सात ओळी. एकही शब्द असा नव्हता की जो मुलांच्या डोळ्यांखालून गेला नव्हता, आणि एकही ओळ अशी नव्हती की जी त्यांनी वाचली होती. चांगला उतारा होता. असा उतारा जन्मात एकदा साधतो.

परीक्षेच्या दिवशी बाईंची ड्युटी त्याच वर्गावर आली. प्रश्नपत्रिका वाटून झाल्यावर त्यांनी एक स्वतः उघडली. तिसऱ्या पानावर उतारा होता. पहिली ओळ अशी होती:

'नुरेता हाको वा शिता नि ओकानाइ दे कुदासाइ.'

देवनागरीत. सातही ओळी देवनागरीत. खाली कंसात, विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी, असं लिहून सातही ओळींचा मराठी अर्थ: 'भिजलेले खोके खाली ठेवू नये.' वगैरे. आणि त्याखाली प्रश्न: 'भिजलेले खोके कोठे ठेवू नये?'

बाईंनी पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. मनोज सरांनी जूनमध्ये कागद जसा धरला होता, तसाच आता त्यांच्या हातात होता.

तिसऱ्या बाकावर हात वर झाला. बाई जवळ गेल्या.

"मॅडम, उतारा कुठं हाय?" क्षितिजाने दबक्या आवाजात विचारलं.

"पान तीन."

"त्ये पायलं मी. जपानी उतारा इचारते."

पर्यवेक्षकाने प्रश्नपत्रिकेबद्दल बोलायचं नसतं, असा नियम आहे. या एका नियमाचा आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना आधार वाटला.

"आहे त्यावर लिही," त्या म्हणाल्या.

क्षितिजाने त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून लिहू लागली. अर्ध्या मिनिटात तिचं झालं.

पेपर सुटल्यावर त्या वैशालीकडे गेल्या. वैशाली बिचारी आपणहून सांगू लागली. बाईंच्या कागदावरची अक्षरं फोनने टिपून संगणकावर घेतली तर त्यांच्या जागी नुसते चौकोन उमटत होते. सात ओळी चौकोन. तिला आधी वाटलं, गोदामाचा पेपर आहे, खोक्यांची चित्रं असतील. मग लक्षात आलं. छापखाना संध्याकाळी बंद होणार, म्हणून तिने पुन्हा फोन कागदावर धरला, फोनने उच्चार सांगितले, अर्थ सांगितला, तिने दोन्ही टाइप केले. अर्थ ती काढून टाकणार होती, पण प्राचार्य म्हणाले, असू दे. तिने रात्रीचं जेवण न करता हे काम केलं होतं. बाई तिला थँक्यू म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

प्राचार्यांकडे मात्र त्या उभ्याच राहिल्या.

"सर, तो उतारा न पाहिलेला होता."

"बरोबर आहे, मॅडम. तो कोणीच पाहिला नव्हता. मीसुद्धा नाही."

"मुलांनी तो वाचायचा होता."

"वाचला ना. अडतीसच्या अडतीस मुलांना दहापैकी दहा पडणार आहेत. आपल्याकडे मराठीचासुद्धा असा निकाल लागत नाही." टिपणीस सर खरोखरच आनंदले होते. "तुम्ही फार मनाला लावून घेता. तुमचा सत्कार करायचा ठरलाय."

सत्कार झाला. व्यासपीठावर तात्या, प्राचार्य, मनोज सर. पाठीमागच्या फलकावर ती अडतीस हसरी मुलं गळ्यापाशी पानं धरून. बाईंना शाल दिली, नारळ दिला. प्राचार्यांनी यशाचे आकडे वाचले. मग तात्या बोलायला उठले. तात्यांना लांब भाषण आवडत नसे. त्यांनी जन्मभर जमिनी दाखवल्या होत्या आणि दाखवलेल्यावर त्यांचा विश्वास होता.

"टक्के रांव द्या," ते म्हणाले. "कोनी तरी वाचून दाखवा."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. क्षितिजा तिथे नव्हती. दुपारची वेळ, तिची शिफ्ट. प्राचार्यांनी चटकन फाइलीतून प्रश्नपत्रिका काढली आणि सगळ्यांत जवळ जो माणूस उभा होता त्याच्या हातात दिली. तो रघू होता. हातात पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे होता, तो त्याने खाली ठेवला, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात, पोथी वाचावी तसं, वाचायला लागला.

"नुरेता हाको वा शिता नि ओकानाइ दे कुदासाइ."

सात ओळी त्याने न अडखळता वाचल्या. टाळ्या थांबेनात. रघूला या कॉलेजात लागून अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि त्याच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं. तो लाजला आणि, काय करावं न सुचून, अकरा वर्षांपूर्वीच्या त्या साहेबासारखा कमरेत वाकला.

तात्यांचे डोळे भरून आले.

"रघू सातवी न्हाय झाला," ते म्हणाले. "त्यो वाचतंय. मंग आपले सगले सर वाचतील, आपापले विषयात. कालेजानं करून दाखवलं. आता ह्या बायला जिन्याखाली बसवून कशाला तरास द्याचा? बाय, लय केलंस तू. आता आराम कर."

यात चूक काढायला जागा नव्हती. समोर पुरावा उभा होता आणि तो चष्मा पुसत होता. प्राचार्यांनी पुढच्या वर्षीपासून जपानी वाचन सर्व विषयांत सर्व शिक्षक स्वतः घेतील, वेगळ्या तासाची गरज उरलेली नाही, असं जाहीर केलं. परिपत्रकातही हेच लिहिलं होतं. बाईंनी ते चार वेळा वाचलं होतं.

मनोज सर शेजारच्या खुर्चीतून वाकले. त्यांना काहीतरी खुपत होतं. "मॅडम, मी तात्यांशी बोलू का?"

"काय सांगाल?"

सरांनी खरोखर विचार केला. "तेच कळत नाही," ते म्हणाले.

मग माइक बाईंच्या हातात आला. सांगायला एक वाक्य पुरलं असतं: रघूला आपण काय वाचलं ते विचारा. वाक्य जिभेवर होतं. त्यांनी रघूकडे पाहिलं. तो दाराशी ट्रे पुन्हा हातात घेऊन उभा होता, आणि दोन मुली त्याला काही विचारत होत्या, आणि तो त्यांना उतारा पुन्हा म्हणून दाखवत होता. बाईंनी माइक दुसऱ्या हातात घेतला. "सर्वांचे आभार," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. नारळ मांडीवरून घरंगळू लागला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या जिन्याखालची खोली आवरायला आल्या. आवरण्यासारखं फारसं नव्हतं. पाठ सुटलेला शब्दकोश, खडूंचा डबा, पानांचे गठ्ठे आणि ती कापडी पिशवी. सगळं पिशवीत मावलं. तेवढ्यात दारात क्षितिजा उभी राहिली. दीड वाजला होता. तिची बस पावणेदोनला.

"मॅडम, परवा माजी झडती घेतली," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं, ते तिला लपवता येत नव्हतं.

मग तिने सगळं सांगितलं. परवा शिफ्टला एक खोकं आलं, त्यावर एका बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली. हाताने लिहिलेली, जपानी. बाकीच्यांनी ती कचरा म्हणून बाजूला टाकली आणि खोकं थप्पीच्या तळाशी लावलं. क्षितिजाने उचलून बोट ठेवत वाचली. वाचून झाल्यावर तिने ते खोकं थप्पीच्या तळातून काढायला सांगितलं, कारण चिठ्ठीत तसं लिहिलं होतं. सुपरवायझर आला. त्याने विचारलं, तुला कसं कळलं. ती बोलली, वाचलं.

"त्यो बोलतो मना, फोन किधर है? मी बोलली, गेटवर हाय. तं बोलतो, झूठ मत बोल, बिना फोन का कैसे पढ़ा? मंग वॉचमनबायला बोलावलं. डबा उघडला, पिशवी उघडली, बूट काढाया लावलं. फोन न्हाय मिलाला. गेटवर जाऊन पायलं, माजा फोन खनात तसाच. तरी परत आला नि इचारतो, फिर पढ़ा किसने?"

"मग?" बाईंनी विचारलं.

"मंग काय. मी बोलली, मैंने."

तिने वही उघडली. चिठ्ठी बाहेर आणता येत नाही, म्हणून तिने ती खाकी कागदी चिकटपट्टीच्या तुकड्यावर बॉलपेनने उतरवून आणली होती आणि तुकडा वहीत चिकटवला होता. अक्षरं वाकडीतिकडी होती, पण रेघा ज्या क्रमाने काढायच्या त्याच क्रमाने काढल्या होत्या. ते बाईंना दिसत होतं. क्षितिजाने बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. वाटेत या खोक्याचा तळ थोडा भिजला. सुकवून पुन्हा भरलं आहे. पण वजन सोसणार नाही, खाली ठेवू नका. तीन ओळी, आणि त्याखाली दोन अक्षरं. तिथे बोट थांबलं.

"ह्ये न्हाय आलं. दोन दिस झाले बघते."

बाईंनी चष्मा वर करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नाव आहे," त्या म्हणाल्या. "ज्या बाईने भरलं तिचं असेल. ही दोन अक्षरं चार तऱ्हांनी म्हणतात. तिच्या घरी कोणती तऱ्हा, ते तिलाच विचारावं लागेल."

"म्हंजे तुमाला पन न्हाय येत?"

"नाही येत."

क्षितिजाला याचा फार आनंद झाला. बाईंनी पिशवीतून लाल पेन काढलं आणि खाकी पट्टीच्या कडेला आकडा घातला: दहापैकी नऊ. खाली सही केली.

"पेपरात दहा हायत मना," क्षितिजा म्हणाली.

"असू देत. मी बसले असते तर मलाही नऊच पडले असते."

बाहेर रघूच्या चपला वाजल्या. तो कुलूप आणि किल्ली घेऊन आला होता. काल त्याला रात्रभर झोप नव्हती म्हणाला, मेहुण्यानेही फोन करून अभिनंदन केलं. खोलीत आता नवीन सामान ठेवायचं होतं, म्हणून तो उत्तरपत्रिकांची खोकी एका भिंतीला रचू लागला. पाइपाखालचं एक खोकं तळाशी ओलं होऊन खचलं होतं. ते त्याने दोन्ही हातांनी उचललं, भिंतीशी सगळ्यांत खाली ठेवलं आणि त्याच्यावर दुसरं ठेवत, तिसरं ठेवत, कालच्याच सुरात म्हणू लागला, "नुरेता हाको वा शिता नि ओकानाइ दे कुदासाइ."

क्षितिजाने वही बंद केली. वरची दोन खोकी तिने उतरवली, ओलं खोकं खालून ओढून काढलं, कोरडी दोन आधी लावली आणि ओलं त्यांच्यावर ठेवलं.

"का गं?" रघूने विचारलं.

"तुमीच तं बोललाव, मामा," ती म्हणाली आणि ओले हात ओढणीला पुसत बसकडे पळाली.

रघू रचलेल्या खोक्यांकडे पाहत राहिला. विद्युल्लताबाईंनी पिशवी खांद्याला लावली आणि दाराची कडी नीट दिसेल अशा बाजूला उभ्या राहून त्याला कुलूप लावू दिलं.